शेऱ्याचा रकाना

४ जुलै २०१५. शनिवार. त्या एका दिवसात सगळ्या महाराष्ट्रातली शाळाबाह्य मुलं मोजायची होती. मी बावीस वर्षांचा, डी.एड. होऊन बसलेला, आणि प्रगणक म्हणून नेमलेला. हातात फॉर्मचा गठ्ठा, खिशात शाईची बाटली. मतदानात लावतात तशी शाई मोजून झालेल्या मुलाच्या बोटाला लावायची, म्हणजे एक मूल दोनदा मोजलं जाणार नाही.

मला मिळालेला टोला चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्टीतला. नाव सांगत नाही. पंचवीसेक घरं. जिल्हा परिषदेची शाळा नाल्यापलीकडं, आणि नाल्याला पाणी. टोल्यात पूर्वी एक वस्तीशाळा होती, ती पट कमी म्हणून बंद झालेली. गावाच्या बैठकीचा एक मांडव होता. तिथं बारावी झालेला एक मुलगा सकाळी तीन तास पोरं घेऊन बसायचा. गावानं त्याला वर्षाचं धान ठरवून दिलं होतं. फळा म्हणजे काळा रंग दिलेली प्लायवूडची फळी.

मांडवात नऊ मुलं बसलेली. कोणाचंही नाव कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर नव्हतं. व्याख्या मला प्रशिक्षणात पाठ करून घेतली होती : ६ ते १४ वयोगटातलं जे मूल शाळेत दाखलच नाही, किंवा दाखल होऊन महिन्याहून जास्त सलग गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. मी नऊ नावं लिहिली. शेवटच्या रकान्याआधीच्या रकान्यात नऊ वेळा एकच शब्द लिहिला.

एक नऊ-दहा वर्षांची मुलगी माझ्या खांद्याजवळ उभी राहून बघत होती. तिनं बोट ठेवून वाचलं. अडखळत, पण वाचलं : "शा-ळा-बाह्य."

मग विचारलं, "म्हंजे काय, सर?"

"शाळेच्या बाहेर असलेलं मूल."

ती मांडवाकडं बघून म्हणाली, "मी तं शाळेतच हावो ना."

मी तिच्या बोटाला शाई लावली आणि पुढच्या घरी गेलो. फॉर्ममध्ये सगळ्यात शेवटी "शेरा" असा रकाना होता. तो मी कोरा सोडला.

हा लेख त्या कोऱ्या रकान्याबद्दल आहे. एखादी शाळा चांगली की वाईट हे सरकार कसं ठरवतं? आणि जी शाळा सरकारच्या साच्यात बसतच नाही, तिला गुण कसे देतात? मला वाटायचं हा आत्ताचा, पोर्टल आणि ॲपच्या काळातला प्रश्न आहे. शोधत गेलो तर तो दीडशे वर्षं मागं गेला.

निकाल दाखवा, पैसे घ्या

१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्यानं शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आणला. हिशेब सरळ होता. मूल नियमित हजर असेल तर शाळेला इतके शिलिंग. वर्षाअखेर तपासनीस येणार, वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार, आणि मूल एखाद्या विषयात नापास झालं की त्याच्या नावचे ठरावीक पैसे कापणार. याला म्हणत निकालावर अनुदान. मास्तरचं पोट पोराच्या उत्तरावर अवलंबून.

परिणाम काय झाला असेल हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. तपासनीस जे विचारणार तेच शिकवलं जाऊ लागलं. पोरं पुस्तक पाठ करून ठेवत. इतिहास, निसर्ग, गाणी यांचे पैसे मिळत नव्हते, म्हणून ते मागं पडलं.

हीच पद्धत जहाजातून इकडं आली आणि मुंबई इलाख्यात खासगी शाळांच्या अनुदानाला लागू झाली. आपला भाग तेव्हा मुंबईत नव्हता. चांदा जिल्हा १८६१ साली झालेल्या मध्य प्रांतात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच्याच पोटात होता. चांद्याचं चंद्रपूर १९६४ मध्ये झालं, गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. पण अनुदान, तपासनीस, शेरेबुक हा सगळा संसार दोन्हीकडं सारखाच रुजला.

१८८२ साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढं महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, ते शाळेत आपल्याला दोन ओळींत शिकवून टाकतात : फुल्यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. बरोबर आहे. पण त्याच निवेदनात शाळा कशी तपासावी यावरही त्यांचं म्हणणं आहे, आणि ते फार बारकाईचं आहे.

एक, निकालावर अनुदान ही पद्धत गरीब आणि शिक्षणापासून दूर ठेवलेल्या समाजाला लागू पडत नाही. तिथं शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही. अशा वस्तीत निकालाच्या भरवशावर शाळा काढून कुठल्या मास्तरचं पोट भरणार? तिथं सरकारनं स्वतः शाळा काढाव्यात, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्यावीत.

दोन, तपासणी मात्र वाढवा. वर्षातून एकदा येणारा अधिकारी काही उपयोगाचा नाही. निदान तीन महिन्यांनी या, आणि न कळवता या.

हे दोन मुद्दे शेजारी ठेवून बघा. आज शाळांच्या श्रेणीवर वाद झाला की दोनच बाजू असतात. एक म्हणते मोजा, दुसरी म्हणते मोजू नका. फुले तिसरंच काहीतरी म्हणत होते. शाळेत या, वारंवार या, अचानक या. पण जे सगळ्यात मागं आहेत त्यांच्या शाळेचं जगणं-मरणं निकालाला बांधू नका.

निकालावर अनुदानाची पद्धत पुढं इंग्लंडनंच १८९०च्या दशकात मोडीत काढली. हिंदुस्थानात कर्झनच्या सरकारनं १९०४च्या शिक्षणविषयक ठरावात तिला नाकारलं. म्हणजे फुल्यांनी सांगितल्यावर बावीस वर्षांनी.

सुताच्या लडी मोजणारी शाळा

दुसरा प्रयोग आपल्याच प्रांतातला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजींची कल्पना अशी की शाळेच्या मध्यभागी पुस्तक नको, हातानं करायचं काम हवं. सूतकताई, शेती, सुतारकाम. त्यातूनच गणित, त्यातूनच भूगोल. आणि पोरांनी जे बनवलं ते विकून मास्तरचा पगार निघावा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आराखडा केला. तीच नई तालीम. पुढं सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघ उभा राहिला. मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी "विद्यामंदिर" योजना आणली, आणि चांदा याच प्रांतात होता.

देशातली ही सगळ्यात गाजलेली पर्यायी शाळा. पण तिला गुण कसे देणार? ज्यांनी परीक्षेला नाकारलं, त्यांनाही मोजणं चुकलं नाही. अभ्यासक्रमात कताईचे तक्ते आले : कुठल्या इयत्तेतल्या मुलानं किती वेळात किती सूत काढावं. मास्तरचा पगार सुतावर काढायचा म्हटलं की सूतच मोजलं जाणार. समितीला हा धोका दिसत होता. शाळेनं कमाईच्या मागं लागून शिकवणं विसरू नये, असा इशारा तिनं आपल्याच अहवालात दिला होता.

लोनं उत्तरं मोजली, वर्ध्यानं सूत मोजलं. हेतू दोन टोकांचे, पण मास्तरची अडचण एकच : ज्याचे पैसे मिळतात, त्याच्याकडं लक्ष जातं.

हजार रुपयांचे गुर्जी

आता माझी गोष्ट. मी स्वतः वस्तीशाळेत शिकलो.

२००० साली आणि त्याच्या आसपास महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की जिथं जवळपास शाळा नाही अशा टोल्या-पाड्यांवर छोट्या शाळा काढायच्या. इमारत नको, गावानं जागा द्यावी. शिक्षक गावातलाच शिकलेला तरुण, मानधन महिन्याला १००० रुपये. कागदावर तो शिक्षक नव्हता. कधी "स्वयंसेवक", कधी "निमशिक्षक". निम म्हणजे अर्धा. आमचे गुर्जी अर्धे होते.

पण ते आमची भाषा बोलायचे. आमच्या भागात झाडीबोली चालते. तिच्यात ळ नाही, ण नाही. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, पाणी म्हणजे पानी. गुर्जी पहिले सहा महिने आम्हाला "डोरा" असंच म्हणू द्यायचे, आणि फळ्यावर "डोळा" लिहून म्हणायचे, "पुस्तकात याले असं लिवतात." आम्ही दोन्ही शिकलो. माझी आजी घरात गोंडी बोलायची. गुर्जींना गोंडी येत होती, म्हणून शेजारच्या घरातली पोरं वर्गात गप्प बसली नाहीत.

एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी श्रुतलेखन घेतलं. मी आठ शब्दांपैकी तीन चुकवले, तिन्ही ळ आणि ण चे. साहेब वाईट नव्हते. त्यांनी गुर्जींच्या शेरेबुकात लिहिलं : "शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे." त्यांना दुसरं काही लिहायला जागाच नव्हती. गोंडी बोलणारा पोरगा मराठीत बेरीज समजावून सांगतो, हे लिहायचं कुठं?

पुढं या शाळांचं काय झालं ते कागदावर आहे. काही नियमित प्राथमिक शाळा झाल्या, काही बंद झाल्या. निमशिक्षक वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. १ मार्च २०१४च्या शासन निर्णयानं त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घ्यायचं ठरलं. तोपर्यंत आमचे गुर्जी मानधनाला कंटाळून पेपर मिलच्या ठेकेदाराकडं कामाला लागले होते.

आजी गेली तेव्हा मला गोंडीची चाळीस-पन्नास वाक्यं येत होती. आज तेवढीही येत नाहीत. पाचवीपासून ज्या ज्या शाळेत गेलो, तिथं त्या भाषेला एकही गुण नव्हता. मी हुशार विद्यार्थी होतो. ज्याला गुण नाहीत त्याच्यात वेळ घालवायचा नाही, हे मी लवकर शिकलो.

अकरा आकडे

आता आजची यंत्रणा कशी चालते ते बघू. कंटाळवाणं वाटेल, पण सगळी मेख इथंच आहे.

शाळा असणं म्हणजे यू-डायस क्रमांक असणं. अकरा आकडे. पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव, शाळा. चंद्रपूरचा क्रमांक २७१३ नं सुरू होतो, गडचिरोलीचा २७१२ नं. हा क्रमांक नसेल तर शाळा नाही, शाळा नसेल तर विद्यार्थी नाही, विद्यार्थी नसेल तर ते मूल शाळाबाह्य. ती मुलगी माझ्या फॉर्मवर आली ती याच साखळीतून.

या साखळीचं कायद्यातलं मूळ म्हणजे २००९चा शिक्षण हक्क कायदा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १८व्या कलमानुसार मान्यता नसेल तर शाळा चालवता येत नाही. चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालूच ठेवली तर दिवसाला १०,००० रुपये. मान्यतेसाठी कायद्याच्या अनुसूचीत यादी आहे : वर्गखोल्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. पण याच कायद्याचं २९वं कलम असंही म्हणतं की शक्य तिथं शिक्षण मुलाच्या मातृभाषेत असावं. फरक एवढाच की स्वच्छतागृह नसेल तर मान्यता अडते. मातृभाषा नसेल तर काही अडत नाही.

मान्यता मिळाली की मग श्रेणी. २०१५-१६ पासून "शाळासिद्धी" आली. सात क्षेत्रं, ४६ मानकं, आणि प्रत्येक मानकाला स्तर १, २ किंवा ३. शाळेनं आधी स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, मग बाहेरचं पथक येऊन पडताळणार. मी तेव्हा गट साधन केंद्रात कंत्राटावर होतो. मुख्याध्यापक मोबाईलवर सांगायचे, मी पोर्टलवर भरायचो. रात्री अकराला, कारण दिवसा साइट चालायची नाही.

"सर, समाजाचा सहभाग, स्तर कोणता टाकू?"

"बाजूची शाळा किती टाकून राहिली?"

"दोन."

"मंग दोन टाक बाप्पा."

असं स्वयंमूल्यमापन. मी हसण्यावारी नेत नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, एक मास्तर मीटिंगला. त्यानं ४६ मानकांवर चिंतन कधी करायचं?

शाळांच्या वर जिल्ह्यांचीही गुणपत्रिका असते. केंद्र सरकारचा जिल्ह्यांसाठीचा कामगिरी श्रेणी निर्देशांक ६०० गुणांचा आहे, ८३ निकषांवर. अध्ययन निष्पत्ती आणि निकालाला २९०, वर्गातल्या अध्यापनाला ९०, प्रशासनाला ८४, सुविधांना ५१, डिजिटल शिक्षणाला ५०, सुरक्षिततेला ३५. वरच्या श्रेणीचं नाव "दक्ष", अगदी खालची "आकांक्षी". गडचिरोली २०१८ पासून देशाच्या "आकांक्षित जिल्ह्यां"च्या यादीतही आहे. तिथल्या क्रमवारीत शिक्षणाचं वजन ३० टक्के.

राज्यानं २०२४ मध्ये "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" ही स्पर्धाही घेतली. दुसऱ्या टप्प्यात १५० गुण होते. त्यातले ३३ पायाभूत सुविधांना, ७४ शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला आणि ४३ शैक्षणिक संपादणुकीला. पुन्हा वाचा. पोरं काय शिकली याच्यापेक्षा शासनाचे उपक्रम किती राबवले याला जास्त गुण होते.

आणि तरीही मी या मोजणीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. आमच्या भागात रात्री निवासी शाळेत साप चावून, वीज लागून, तापानं मुलं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. फी घेऊन चार पत्र्यांखाली पोरं कोंबणाऱ्या बोगस शाळाही बघितल्या आहेत. कुंपण, पाणी, संडास, सुरक्षितता हे तपासणारं कोणीतरी हवंच. जंगलातल्या पोराला कमी दर्जाची शाळा चालते, असं म्हणणारा माणूस त्या पोराचा मित्र नाही. माझी हरकत एवढीच आहे की यादी एकाच प्रकारच्या शाळेकडं बघून लिहिली आहे, आणि तिच्यात नसलेली गोष्ट अस्तित्वातच नाही असं धरलं जातं.

मोहगाव

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा देणारं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून त्यानं देशाला दाखवलं की ग्रामसभा जंगल सांभाळू शकते. त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं पुढचा प्रश्न विचारला : जंगल सांभाळू शकतो, तर शाळा का नाही?

२०१९ मध्ये मोहगावात ग्रामसभेनं गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव "पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल". गोटुल म्हणजे गोंड-माडिया गावातली तरुणांची सामुदायिक जागा, जिथं मोठ्यांकडून लहानांकडं गाणी, कामं, रीतीभाती जातात. बाहेरच्या लेखकांनी गोटुलबद्दल बरंच चविष्ट लिहिलं. गावाला मात्र ती आपली शिकायची जागा वाटते. या शाळेत गोंडीसोबत मराठी आणि इंग्रजीही शिकवायचं ठरलं.

२०२२ मध्ये शिक्षण विभागानं ही शाळा अनधिकृत ठरवली. मान्यता नाही, बंद करा, नाहीतर कायद्याप्रमाणं दंड. जो कायदा मातृभाषेत शिकवा म्हणतो, त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाखाली मातृभाषेत शिकवणाऱ्या शाळेला नोटीस आली.

ग्रामसभा न्यायालयात गेली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं. तिच्या बाजूचे आधार काही हवेतले नाहीत. संविधानाचं २९वं कलम वेगळी भाषा आणि संस्कृती असलेल्या समूहाला ती जपण्याचा हक्क देतं. १९५६ मध्ये घातलेलं ३५०-क कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिकण्याची सोय राज्यानं करावी. गडचिरोलीचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो, आणि १९९६चा पेसा कायदा तिथल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि ओळख जपायला समर्थ मानतो. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात २९ लाखांहून जास्त होते. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. संस्कृत आहे, जिला त्याच जनगणनेत मातृभाषा सांगणारे २५ हजारही नव्हते.

आणि विभागाची बाजू? अधिकाऱ्याच्या टेबलावर कायद्याचं पुस्तक आहे. त्यात मान्यताप्राप्त आणि विनामान्यता असे दोनच कप्पे आहेत. तो तिसरा कप्पा कुठून आणणार? ४ जुलै २०१५ च्या माझ्या फॉर्मचंही तेच होतं. त्याच आठवड्यात राज्यात एक वाद पेटला होता, की ज्या मदरशांत गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवत नाहीत तिथली मुलंही शाळाबाह्य मोजायची. बाजू कोणतीही घ्या, अडचण तीच. मूल बसलेलं आहे, शिकतं आहे, काय शिकतं यावर वाद होऊ शकतो, आणि फॉर्ममध्ये फक्त आत आणि बाहेर.

दुसऱ्यांनी काय केलं

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८५ साली ऑकलंडच्या होआनी वाइटिटी मराएमध्ये पहिली "कुरा कौपापा माओरी" शाळा काढली. सरकारी व्यवस्थेच्या बाहेर, स्वतःच्या हिमतीवर, संपूर्ण माओरी माध्यमाची. १९८९च्या शिक्षण कायद्यानं अशा शाळांना मान्यता दिली. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची : तिथल्या शाळा तपासणाऱ्या सरकारी कार्यालयानं या शाळांसाठी वेगळी तपासणी पद्धत बसवली, त्यांच्या स्वतःच्या तत्त्वांच्या आधारे. तपासणी होते. कडक होते. पण प्रश्न त्या शाळेच्या भाषेत विचारले जातात.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात शिक्षण सुटलेल्या, कोर्टकचेऱ्यांत अडकलेल्या, फार मागं पडलेल्या मुलांच्या शाळांना वेगळी मोजपट्टी आहे. तिथं मूल कुठं पोहोचलं याच्याइतकंच ते कुठून निघालं होतं हेही बघतात. तिच्यावर टीकाही होते की सोपी मोजपट्टी दिली की कमकुवत शाळा तिच्याआड लपतात. ती टीका खोटी नाही. म्हणून तर फुल्यांचा दुसरा मुद्दा लागतो : वारंवार या, न कळवता या.

आपल्याकडंही दार पूर्ण बंद नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पर्यायी शाळांनी आपली परंपरा आणि पद्धत जपावी, त्यांना प्रोत्साहन द्यावं, आणि सोबत ठरलेले विषयही शिकवायला मदत करावी असं लिहिलं आहे. धोरणात लिहिलं आहे. पोर्टलवर अजून बटण नाही.

मला विचाराल तर फार मोठं काही लागत नाही. सुरक्षितता आणि पाणी याच्यात कुठल्याही शाळेला सूट नको. वाचता येतं का, हिशेब येतो का, हे तपासा, पण मुलाला येणाऱ्या भाषेत आधी आणि मराठीत नंतर. शाळेनं काय शिकवायचं ठरवलंय ते तिला आधी लिहून द्यायला लावा, आणि ते झालं का हे गावासमोर बसून बघा. आणि दंडाच्या आधी एक टप्पा ठेवा : दोन-तीन वर्षांची तात्पुरती मान्यता, तीन महिन्यांनी भेट.

नंतर

त्या नऊ मुलांचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो.

माझा फॉर्म वर गेला. कार्यवाही झाली, आणि तीही तत्परतेनं. कायद्यानं शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करायचं असतं. सहा मुलांची नावं नाल्यापलीकडच्या शाळेत घातली, तीन मुलं दूरच्या निवासी शाळेत पाठवली. ती वाचणारी मुलगी त्या तिघांत होती. मांडवातला वर्ग आपोआप मोडला. शिकवणारा मुलगा हैदराबादकडं बांधकामावर गेला. तालुक्याच्या अहवालात त्या टोल्यासमोर शाळाबाह्य मुलं : ०. तो शून्य मीच टाईप केला.

दिवाळीनंतर ती मुलगी घरी आली ती परत गेली नाही, असं मला पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर तिच्या आईनं सांगितलं. आई पत्त्याची पुडकी बांधत होती. माझ्यावर राग नव्हता तिचा. म्हणाली, "तिथं तिले कोनी बोलाले नव्हतं, सर. हजेरीत नाव हाय अजून."

म्हणजे कागदावर ती आता शाळेत होती.

गेल्या वर्षी जुनी कागदपत्रं आवरताना त्या दिवसाच्या फॉर्मची माझी झेरॉक्स सापडली. नऊ नावं, नऊ वयं, नऊ वेळा तोच शब्द. शेऱ्याचा रकाना अजून कोरा. मी पेन घेतलं आणि तिच्या नावापुढं, दहा वर्षं उशिरा, लिहिलं : "वाचता येते. हा फॉर्म तिने स्वतः वाचला."

सही करताना लक्षात आलं की हे आता कुठंच जमा करता येणार नाही. तरी तारीख घातली.